ध्वनिवर्धकातून आलेली शांतता

शांततेसाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यांपैकी काही महत्त्वाचे शब्द नकारातून घडलेले आहेत. नीरव म्हणजे जिथे रव नाही ते. निःशब्द म्हणजे जिथे शब्द नाही ते. आवाज निघून गेल्यावर मागे जे उरते ती शांतता, अशी या शब्दांमागची धारणा दिसते. विसाव्या शतकात या धारणेला छेद देणारी एक कल्पना युरोपात जन्माला आली. शांतता वजाबाकीऐवजी बेरजेने मिळवता येईल, खोलीत असलेल्या आवाजात नेमका दुसरा आवाज मिसळला तर दोन्ही एकमेकांना पुसून टाकतील, अशी ती कल्पना. अभियांत्रिकीत या तंत्राला सक्रिय ध्वनिनियंत्रण म्हणतात. जाड भिंत, दुहेरी काच, पडदा, गालिचा, कानातला कापूस ही सारी निष्क्रिय साधने; ती आवाज अडवतात किंवा शोषून घेतात. सक्रिय साधन स्वतः आवाज करते.

हा विषय साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की 'नकोसा आवाज' या शब्दप्रयोगातले विशेषण भौतिकशास्त्राने दिलेले नाही. हवेचा दाब कमीजास्त होतो, एवढेच त्या शास्त्राला ठाऊक असते. त्या कमीजास्त होण्याचे गाणे झाले की गलका, हे ऐकणारा ठरवतो. आणि अनेक ऐकणाऱ्यांपैकी कोणाचे ठरवणे चालते, हा सत्तेचा प्रश्न असतो. सक्रिय ध्वनिनियंत्रणाचा इतिहास सहसा शोध, पेटंटे आणि यंत्रे यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आम्हांला तो एका जुन्या भांडणाचा पुढचा अध्याय वाटतो. आवाज करणाऱ्याने गप्प बसायचे, की ऐकणाऱ्याने आपली सोय पाहायची, हे ते भांडण.

ते भांडण एकोणिसाव्या शतकात लेखकांनीच हिरिरीने मांडले. शोपेनहौअरने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधसंग्रहात गोंगाटावर एक छोटा, पण विलक्षण चिडलेला निबंध आहे. गाडीवानांच्या चाबकाचा फटकारा विचारांची मान उडवतो, असा त्याचा दावा. चार्ल्स बॅबेज, ज्याला आज आपण संगणकाचा पूर्वज मानतो, तो लंडनच्या रस्त्यांवर बाजाच्या पेट्या फिरवणाऱ्यांशी वर्षानुवर्षे झगडत राहिला. १८६४ साली आलेल्या त्याच्या आत्मकथनात या उपद्रवांना एक सबंध प्रकरण मिळाले आहे. त्याच वर्षी मायकेल बास या खासदाराच्या खटपटीने रस्त्यावरच्या वादकांना घरापुढून हटवण्याचा अधिकार लंडनकर गृहस्थांना देणारा कायदा झाला. त्याला पाठिंबा देणाऱ्या पत्रावर डिकन्स, टेनिसन, कार्लाइल अशांच्या सह्या होत्या. एक गोष्ट इथे नजरेआड करून चालणार नाही. तक्रार करणारे बहुतेक घरी बसून काम करणारे, लिहिणारे, चित्रे काढणारे लोक होते आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांत इटलीहून पोटासाठी आलेल्या गरिबांचा भरणा होता. एकाची रोजी दुसऱ्याच्या रोजीत व्यत्यय आणत होती. कायदा मात्र एकाच्याच बाजूने झाला.

ज्यांना कायद्याची वाट पाहायची नव्हती आणि ज्यांच्या गाठी पैसा होता, त्यांनी भिंती बांधल्या. मौनाचे माहात्म्य ग्रंथच्या ग्रंथ लिहून सांगणाऱ्या कार्लाइलने १८५३ साली चेल्सीतल्या आपल्या घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची, वरून उजेड घेणारी खोली बांधायला घेतली. शेजारच्या कोंबड्यांपासून आणि पियानोपासून सुटका व्हावी, हा हेतू. ती खोली फसली. जवळचे आवाज थोडे दबले, पण उंचावर गेल्यामुळे लांबचे आवाज येऊ लागले, आणि घरातली सर्वांत गोंगाटाची खोली अशी तिची अपकीर्ती घरच्यांनीच केली. अर्थात फ्रेडरिक द ग्रेटचे अवाढव्य चरित्र त्याने तिथेच बसून पुरे केले, हेही सांगायला हवे. पुढे १९१० साली प्रूस्तने पॅरिसच्या बुलेवार ओस्मानवरील आपल्या शयनगृहाच्या भिंतींना बुचाचे अस्तर लावून घेतले. या खोलीबद्दल साहित्याच्या वर्गांत बरेच बोलले जाते. तिला लागलेल्या पैशाबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी या खासगी चिडचिडीला चळवळीचे रूप आले. न्यूयॉर्कमध्ये ज्युलिया बार्नेट राइस या बाईंनी १९०६ साली अनावश्यक गोंगाटाविरुद्ध संस्था काढली. हडसन नदीतल्या बोटींच्या रात्रभर चालणाऱ्या भोंग्यांपासून त्यांच्या लढ्याची सुरुवात झाली आणि रुग्णालयांभोवती शांतता राखावी, या मागणीला त्यांनी जोर दिला. जर्मनीत हानोवरला थिओडोर लेसिंग या तत्त्वज्ञाने १९०८ मध्ये गोंगाटाविरुद्ध पुस्तक लिहिले, संघ स्थापन केला आणि नियतकालिकही चालवले. लेसिंग बुद्धिमान होता, तितकाच तिरकस. संस्कृती म्हणजे मौनाकडे जाणारा प्रवास, अशी त्याची भूमिका. तिच्यात सामान्य माणसाच्या गजबजाटाविषयी तुच्छता होती, हे त्याच्या समकालीनांनीही हेरले होते. संघ फार वाढला नाही आणि दोनतीन वर्षांत मिटला. तरी एक गोष्ट या सगळ्या मंडळींच्या खात्यावर जमा केली पाहिजे. त्यांचा रोख आवाज करणाराकडे होता. गाडीवानाने चाबूक फटकारू नये, बोटीने विनाकारण भोंगा वाजवू नये, अशी त्यांची मागणी होती, म्हणजे तिचे उत्तर समाजाला द्यावे लागणार होते.

आता थोडे भौतिकशास्त्र. पाण्यात दोन दगड टाकले की उठणारी वर्तुळे एकमेकांत शिरतात. जिथे एकीचा माथा दुसरीच्या माथ्यावर येतो तिथे पाणी अधिक उंचावते, आणि जिथे एकीचा माथा दुसरीच्या खळग्यात पडतो तिथे पाणी स्थिर राहते. याला व्यतिकरण म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी टॉमस यंगने ध्वनीच्या अभ्यासाकडून प्रकाशाकडे वळताना हे तत्त्व मांडले. १८३३ मध्ये जॉन हर्शेलने सुचवले, की एका नळीतला आवाज दोन फाट्यांनी नेऊन पुन्हा एकत्र आणला आणि एका फाट्याची लांबी अर्ध्या तरंगाने जास्त ठेवली, तर पलीकडे काहीच ऐकू येणार नाही. क्विंकेने १८६६ मध्ये ते प्रयोगाने दाखवले. लहर आपल्या आवर्तनात कोणत्या क्षणी कुठे आहे, माथ्यावर की खळग्यात, हे ज्या संज्ञेने सांगतात तिला इंग्रजीत फेज म्हणतात आणि आपल्या परिभाषाकारांनी तिला चंद्राच्या धर्तीवर 'कला' असे नाव दिले आहे. दोन लहरी विरुद्ध कलेत असल्या की शांतता होते. मराठीच्या प्राध्यापकांना हे वाक्य आपल्या विषयातले वाटले, तर तो दोष परिभाषाकारांचा नाही.

हर्शेलनंतर शंभर वर्षांनी, २७ जानेवारी १९३३ या दिवशी, पॉल लुएग या जर्मन संशोधकाने पेटंटसाठी अर्ज केला. ध्वनिकंपने शमवण्याची पद्धत, असा त्याचा विषय. (त्याआधी १९३० मध्ये रुमानियात जन्मलेल्या हेन्री कोआंडाने फ्रान्समध्ये याच दिशेचा एक अर्ज केला होता, पण पुढच्या संशोधकांनी मूळपुरुष मानले ते लुएगला.) लुएगची पहिली आकृती आजही पाहण्यासारखी आहे, कारण ती कोणालाही समजते. एक लांब नळी. तिच्यातून आवाज चालला आहे. वाटेत मायक्रोफोन तो आवाज टिपतो आणि तारेवाटे ॲम्प्लिफायरकडे पाठवतो. विजेचा संकेत ध्वनीच्या कितीतरी पट वेगाने जातो, त्यामुळे आवाज नळीतून रखडत पुढे येईपर्यंत तिथला ध्वनिवर्धक तयारीत असतो. तो मूळ आवाजाची उलट प्रतिमा नळीत सोडतो, माथ्याला खळगा आणि खळग्याला माथा, आणि पुढे नळी शांत होते. त्याने नळीवर न थांबता मोकळ्या जागेतल्या आवाजाचाही विचार मांडला होता. अमेरिकेत त्याला १९३६ साली पेटंट मिळाले. यंत्र मात्र झाले नाही. त्या काळच्या निर्वात नळ्यांच्या ॲम्प्लिफायरला क्षणोक्षणी बदलणाऱ्या आवाजामागे इतक्या काटेकोरपणे धावणे शक्य नव्हते.

ध्वनिवर्धक हा मराठी शब्द इथे मोठा अडचणीत येतो. ज्याच्या नावातच वाढवणे आहे, त्याच्याकडे लुएगने शमवण्याचे काम दिले. पण खरी विसंगती शब्दातली नसून तारखेतली आहे. लुएगच्या अर्जानंतर तीनच दिवसांनी, ३० जानेवारी १९३३ रोजी, हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. १८ ऑगस्टला बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात 'फोल्क्सएम्फेंगर', म्हणजे लोकांचा रेडिओ, जनतेपुढे आणण्यात आला. ७६ मार्कांचा तो स्वस्त संच गोबेल्सच्या प्रचारखात्याच्या प्रेरणेने तयार झाला होता आणि त्याच्या नावातला ३०१ हा आकडा ३० जानेवारीची आठवण म्हणून घातला होता. घराघरातल्या बैठकीच्या खोलीत एकच आवाज पोचावा, ही त्यामागची इच्छा. आणि त्यानंतर बारा दिवसांनी, ३० ऑगस्टच्या रात्री, गोंगाटाविरुद्ध लिहिणारा तो लेसिंग, जो ज्यू होता आणि जीव वाचवण्यासाठी चेकोस्लोव्हाकियातल्या मारियनबादला जाऊन राहिला होता, आपल्या अभ्यासिकेत बसलेला असताना नाझी मारेकऱ्यांनी खिडकीतून त्याच्यावर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी तो मेला.

या तीन घटनांत कार्यकारणाचा धागा आहे असे आमचे म्हणणे नाही. लुएगच्या नळीचा आणि गोबेल्सच्या रेडिओचा एकमेकांशी संबंध नव्हता. परंतु एकाच देशात, एकाच वर्षी, ध्वनिवर्धकाला दोन कामे सुचवली गेली, एक घर भरून टाकण्याचे आणि एक घर रिकामे करण्याचे. पहिले काम तत्काळ आणि प्रचंड प्रमाणावर पार पडले. दुसऱ्याला अर्धे शतक लागले. तंत्राच्या अडचणी हे त्याचे कारण खरेच. तथापि कोणत्या अडचणी सोडवायला पैसा आणि माणसे मिळतात, हेही इतिहासातच ठरत असते. लेसिंगच्या हत्येकडे आम्ही आणखी एका कारणाने लक्ष वेधतो. शांततेचा हक्क मागणाऱ्याला गप्प करणे म्हणजे काय, हे त्या खिडकीतून दिसते. शांतता आणि गप्प बसवणे यांतले अंतर जिथे पुसट होते, तिथे 'नकोसा आवाज' हा शब्दप्रयोग जपून वापरावा लागतो.

युद्धानंतर हा विषय अमेरिकेत पुन्हा उघडला. १९५३ साली आरसीए कंपनीच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेतल्या हॅरी ओल्सन आणि एव्हरेट मे यांनी आपल्या 'इलेक्ट्रॉनिक ध्वनिशोषका'वर निबंध लिहिला. ओल्सन हा ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातला मोठा माणूस. मायक्रोफोन आणि ध्वनिवर्धक यांच्या रचनेत त्याचा हातखंडा. त्याचा मायक्रोफोन ध्वनिवर्धकाच्या अगदी तोंडाशी होता. मायक्रोफोनवर पडणारा दाब शून्याकडे आणत राहायचा, एवढेच त्या यंत्राला माहीत. ढोबळ, खालच्या पट्टीतल्या आवाजांवर ते चालले. त्याच्या जवळपास, काही अंतरापुरते. म्हणून ओल्सनने सुचवले, की हे यंत्र विमानातल्या किंवा मोटारीतल्या प्रवाशाच्या आसनाला, डोक्यामागे बसवावे. या सूचनेचे ऐतिहासिक महत्त्व आमच्या मते तिच्या यशापेक्षा मोठे आहे. कार्लाइलला खोली शांत हवी होती. ओल्सनने खोलीचा नाद सोडला आणि डोक्याभोवतीची हवा धरली.

त्याला तसे करावे लागले, कारण खोली ही ध्वनीच्या दृष्टीने अवघड जागा आहे. नळीत लहर एकाच दिशेने जाते. खोलीत ती भिंती, छत, जमीन यांवरून परतत राहते आणि प्रत्येक बिंदूवर वेगळी बेरीज होते. एका जागी दोन लहरी एकमेकींना मारतात, तर दोन पावलांवर त्या एकमेकींना बळ देतात. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या विल्यम कॉनोव्हरने १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग याचा नमुना म्हणून पाहावेत. विजेच्या मोठ्या रोहित्रांच्या गुणगुण्याचा शेजारपाजारच्या घरांना त्रास होई. तो आवाज नियमित असतो. अमेरिकेत सेकंदाला १२० कंपनांचा आणि त्याच्या पटीतला, आपल्याकडे १००चा, कारण तो वीजप्रवाहाच्या वारंवारतेच्या दुप्पट असतो. कॉनोव्हरने रोहित्रापाशी ध्वनिवर्धक लावले. ज्या दिशेला तक्रारदाराचे घर होते, त्या अरुंद पट्ट्यात गुणगुणणे उतरले. इतर काही दिशांना ते वाढले. एकाची शांतता शेजाऱ्याच्या खर्चाने, हा अर्थ कॉनोव्हरच्या मनात असण्याचे कारण नाही, पण बॅबेजच्या लंडनमधून आलेल्या वाचकाला तो सुचल्यावाचून राहत नाही.

पुढे १९८०च्या दशकात इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात फिलिप नेल्सन, स्टीफन इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मर्यादांना गणिताची बैठक दिली. त्यांतला एक निष्कर्ष असा, की सर्व बाजूंनी परावर्तित होणाऱ्या आवाजात एका बिंदूवर शांतता साधली, तर तिचा लक्षणीय परिसर साधारण तरंगलांबीच्या एक दशांश व्यासाचा असतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरून हिशेब करावा. १०० कंपनांच्या गुणगुण्याची तरंगलांबी ३.४ मीटर, म्हणजे शांततेचा गोळा ३४ सेंटिमीटरचा. एक डोके त्यात बसते. १००० कंपनांच्या आवाजाला तो ३.४ सेंटिमीटरचा, त्यात कान बसतो, तोही मान हलवली नाही तर. आपल्या कायद्यातही 'शांतता क्षेत्र' नावाची गोष्ट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचे क्षेत्र त्यासाठी कल्पिले. २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने, राज्य सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र ठरू नये, अशी तरतूद केली. एका बाजूला १०० मीटर, दुसऱ्या बाजूला ३.४ सेंटिमीटर. पहिल्यासाठी इतरांची संमती लागते आणि अंमलबजावणी लागते. दुसऱ्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही. महाविद्यालयाच्या वर्गात उभे राहून, रस्त्यावरच्या भोंग्यांवर आवाज चढवून केशवसुत शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना या दोन आकड्यांमधले अंतर चांगलेच ऐकू येते.

यंत्र खऱ्या अर्थाने चालू झाले ते बदलत्या आवाजामागे स्वतःहून जाण्याची युक्ती सापडल्यावर. स्टॅनफर्ड विद्यापीठात बर्नार्ड विड्रो आणि मार्शियन हॉफ यांनी १९६०च्या सुमारास अशी गणिती कृती बसवली, की जिच्यात यंत्र आपली चूक मोजते, तिच्या मानाने स्वतःला किंचित सुधारते, पुन्हा मोजते. १९७५ मध्ये विड्रो आणि सहकाऱ्यांनी या कृतीच्या उपयोगांवर विस्तृत निबंध लिहिला. त्यातले एक उदाहरण आम्हांला विसरता येत नाही. गर्भातल्या बाळाच्या हृदयाचा विद्युत आलेख घ्यायचा आहे, पण आईच्या हृदयाचा संकेत इतका मोठा, की त्यात बाळाचा बुडून जातो. तेव्हा आईच्या छातीवरून तिच्या हृदयाचा संकेत वेगळा टिपावा आणि तो वजा करावा. म्हणजे या हिशेबात आईच्या हृदयाचे ठोके हा 'गोंगाट' ठरला. हेतू उदात्त, पद्धत अचूक, आणि तरीही 'नकोसा' या शब्दाची सारी सापेक्षता या एका उदाहरणात उघडी पडते. आईच्या प्रकृतीची काळजी असती, तर नेमका तोच संकेत हवा असता.

१९८०च्या दशकात संकेतप्रक्रियेसाठीच्या चकत्या, म्हणजे डिजिटल चिप, स्वस्त झाल्या आणि लुएगची नळी अखेर कारखान्यांतल्या व इमारतींतल्या वायुवीजनाच्या नळ्यांत उतरली. पंख्याचा घुमणारा, खालच्या पट्टीतला आवाज नळीतून एकाच दिशेने येतो, त्यामुळे तिथे हे तंत्र सोयीचे पडले. त्यानंतर पंख्याच्या विमानांची पाळी आली. १९९४ पासून स्वीडनच्या साब ३४० विमानांत मायक्रोफोन आणि ध्वनिवर्धक बसवलेली शांत केबिन मिळू लागली. डॅश ८ जातीच्या विमानांच्या नावातला पुढे आलेला 'क्यू' हा क्वाएट या शब्दाचा, अशाच यंत्रणेवरून आलेला. विमानाची केबिन म्हणजे खोलीच. पण तिच्यातला मुख्य आवाज पंख्याच्या पात्यांचा, घड्याळासारखा नियमित असतो, म्हणून ती साधली.

सर्वांत जास्त लोकांपर्यंत हे तंत्र पोचवले ते अमर बोस यांनी. वडील ननीगोपाल बोस बंगाली क्रांतिकारक, इंग्रजी पोलिसांना चुकवून अमेरिकेला गेलेले. मुलगा मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत प्राध्यापक आणि ध्वनिवर्धकांचा कारखानदार. १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला परतताना विमानात मिळालेल्या हेडफोनवर इंजिनाच्या घरघरीपुढे संगीत ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच आकडेमोड सुरू केली, ही हकीकत त्यांच्या कंपनीने पुष्कळदा सांगितली आहे. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटन आणि जीना येगर यांनी व्हॉयेजर विमानातून, कुठेही न उतरता व इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांच्यापाशी या हेडसेटचे नमुने होते. वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये विक्रीला आला आणि २००० साली प्रवाशांसाठीचा. जर्मनीतही सेनहायझर कंपनी लुफ्तान्साच्या वैमानिकांसाठी त्याच दशकात याच मार्गाने गेली होती. हेडफोनमध्ये खोलीचा प्रश्न मिटतो, कारण खोली कानाएवढी होते. वरच्या पट्टीतले आवाज त्याची गादी अडवते, खालच्या पट्टीतले आवाज विरुद्ध कलेची लहर मारते. वैमानिकाची श्रवणशक्ती वाचली, हा लाभ लहान नाही, आणि त्याची टिंगल करण्याचे आमच्या मनात नाही.

तरी दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. पहिली ही, की हे यंत्र यंत्रांनाच गप्प करते. इंजिन, पंखा, रोहित्र, म्हणजे जे जे नियमित आणि खालच्या सुरात घुमते, ते त्याच्या तावडीत सापडते. पुढचा क्षण कसा असेल हे मागच्या क्षणावरून ओळखता आले पाहिजे, ही त्याची अट. माणसाचे बोलणे, मुलाचे रडणे, भांडण, एकदम वाजलेला भोंगा, ही त्याला न जुमानणारी मंडळी. शोपेनहौअरचा चाबूक त्याच्या हाती लागला नसता आणि बॅबेजचा बाजावाला तर मुळीच नाही. भिवंडीच्या किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागावर धोटा आपटतो तो आवाजही असाच, तुटक आणि सर्व पट्ट्यांत पसरलेला. तेव्हा ज्या कानांना शांततेची सर्वांत जास्त गरज, ते या इतिहासात जवळपास आलेलेच नाहीत, याला निव्वळ अर्थकारण जबाबदार धरता येणार नाही. भौतिकशास्त्रही त्यांच्या बाजूने नव्हते. दुसरी गोष्ट अशी, की लेसिंग आणि राइसबाई यांच्या मागणीला जे उत्तर समाजाने द्यायचे होते, ते आता विकत मिळते. आवाज करणारा करीत राहतो, ऐकणारा पैसे देऊन त्यातून उठून जातो, आणि उरलेल्यांच्या वतीने तक्रार करायला एक माणूस कमी होतो. बाजावाल्याला हुसकावणाऱ्या कायद्यापेक्षा हे अधिक सभ्य आहे. अधिक न्याय्य आहे का, याबद्दल आमच्यातही एकमत नाही.

खोली मात्र कोणी सोडून दिलेली नाही. २०२० साली सिंगापूरच्या नान्यांग तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी उघड्या खिडकीवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिंगापूर उष्ण आणि दाटीचे शहर. खिडकी लावली तर वारा बंद, उघडली तर रस्ता आत येतो. मुंबई-ठाण्याच्या रहिवाशांना हा पेच समजावून सांगायला नको. संशोधकांनी खिडकीच्या गजांवर २४ छोटे ध्वनिवर्धक ओळींत बसवले आणि आवाज खोलीत शिरण्याआधी, उंबऱ्यावरच त्याला गाठण्याची व्यवस्था केली. खिडकी पूर्ण उघडी असताना वाहतुकीचा, आगगाडीचा, विमानाचा आवाज १० डेसिबलपर्यंत उतरला. ओल्सनने डोक्याभोवती आणून ठेवलेली शांतता इथे पुन्हा सबंध खोलीची होऊ पाहते, घरातल्या सगळ्यांसाठी, हे आम्हांला त्या प्रयोगाचे विशेष वाटते. मर्यादाही त्यांनी सांगितल्या आहेत. ध्वनिवर्धक लहान असल्याने ३०० कंपनांच्या खालची घरघर त्यांना पेलत नाही. अचानक उठणारे आवाजही सुटतात. प्रयोगासाठी खोलीची प्रतिकृती उभारली होती, आणि खिडकीबाहेरचा रस्ता, रेल्वे, विमान हे सारे मुद्रित करून आणलेले होते. ते खिडकीबाहेर ठेवलेल्या आणखी एका ध्वनिवर्धकातून वाजवण्यात आले.